डेल्मर राउटिओचा बिंदू

सरोवरावरचा बर्फ फुटायच्या आठवड्यात
मी शाळेच्या रिकाम्या वर्गात फळ्यावर एक रेघ ओढली.
डावं टोक शून्य: तांब्याची खाण कायमची बंद.
उजवं टोक एक: उद्या पहाटेपासून भोंगा.
मधे आमचं अख्खं गाव,
चार हजार एकशे बारा मतं, खडूच्या ठिपक्यांत.

डेल्मर तेव्हा ०.२ वर होता.
ग्रंथालयाच्या तळघरात, पंधरा खुर्च्यांसमोर
तो म्हणाला होता, "पाणी विकायला काढलेलं नाही,"
आणि बोलून झाल्यावर त्यानं टेबलावर पालथा हात ठेवला होता.
हात मोजायचं एकक माझ्याकडे नव्हतं.
मी वाक्य मोजलं.

हॅरिएट बोलॅन ०.८ वर,
नवऱ्याचं जुनं हेल्मेट घेऊन दारोदार.

नियम अगदी साधा.
मतांचा चढ जिकडे, पाऊल तिकडे;
चढ तीव्र तर पाऊल लांब.
आणि पाठीला बांधलेली एक स्प्रिंग, मागे ओढणारी:
तुम्ही पूर्वी काय बोललात ते लक्षात ठेवणारी माणसं.
तिच्या ताठरपणाला मी 'क' म्हटलं.
क फार मोठा, तर माणूस अडेलतट्टू ठरून पडतो.
क फार लहान, तर वारा येईल तशी पाठ.
डेल्मरचा क मला मोठा वाटला होता.
अकरावीत त्यानं एका चुकीच्या उत्तरासाठी
माझ्याशी तीन दिवस वाद घातला होता.

जूनमध्ये, मासळीच्या जत्रेत:
"पाणी विकायला काढलेलं नाही, पण..."
०.२७.
ऑगस्टमध्ये "जबाबदार खाणकाम".
एका विशेषणाची किंमत ०.११.
तिकडून हॅरिएट निघालीच होती,
"आपल्या नातवंडांचं पाणी" म्हणत, ०.६१ वर.
हेल्मेट आता गाडीतच राहायचं.

ऑक्टोबरात, अग्निशमन केंद्रातल्या वादसभेत
दोघांनी एकच वाक्य म्हटलं.
स्वेटरचे रंग तेवढे वेगळे.
०.४७ आणि ०.५२.
माझ्या वक्ररेषा त्यांच्यावर अशा बसल्या
जशा मापाने शिवलेल्या.
मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

फक्त वाइक्को साल्मेला, ०.०५,
त्यानं अंगणातली डेल्मरची पाटी उपटून
सरपणाच्या ढिगावर पावसाला आडोसा म्हणून ठेवली.
"पण तुला जवळचा तोच आहे ना," मी म्हटलं.
"जवळचा म्हणजे किती जवळचा?" तो म्हणाला,
"इथून हाक मारली तर दोघांनाही सारखीच ऐकू येत नाही."
मतदानाच्या दिवशी तो गळ टाकून बसला.
दुसऱ्या टोकाला लोरेन तुओमिनेननं दिवसभर पडदे धुतले.
माझ्या समीकरणात सगळे मत देत होते.
प्रत्यक्षात अठराशे पाच जण घरीच राहिले.

डेल्मर जिंकला. एकोणीस मतांनी.

आणि आता ते, जे मी प्रबंधात लिहिलं नाही.
दर शुक्रवारी, शाळा सुटल्यावर,
तो मागच्या दारानं यायचा, बूट झटकायचा,
आणि विचारायचा, "आयरीन, या आठवड्यात कुठे?"
मी म्हणायचे: उजवीकडे. थोडंसंच.
तो वहीच्या कोपऱ्यावर आकडा लिहून न्यायचा.
चढ मी दाखवत होते.
मग म्हणत होते, बघा, कसा चढला.
स्प्रिंग होती की नव्हती, ते मला कधीच कळणार नाही;
तिच्यावर माझाच हात होता.

निकालानंतरच्या शुक्रवारीही तो आला, सवयीनं.
फळा पुसलेला नव्हता.
०.२ च्या जागी बोट टेकवून म्हणाला,
"इथं आता कोण आहे?"
मी आकडे पाहिले, खरंच पाहिले.
मग म्हटलं, मतदार आहेत. सहाशेच्या आसपास.
त्यानं मान हलवली.
बोटाला लागलेला खडू पँटला पुसला
आणि विचारलं, कॉफी शिल्लक आहे का.